आधी जेवून घे

क्वार्टर गेटच्या अलीकडे, सायकलच्या दुकानावर
खळदकरांची व्हिडिओ लायब्ररी: तीन मांडण्या, एक पंखा,
डिपॉझिट दोनशे, भाडं दहा,
कॅसेट रिवाइंड न करता आणली तर दोन रुपये दंड.
दंड मी घ्यायचो. अकरावी नापास, पगार साडेतीनशे.

खालच्या फळीवर, कराटेच्या मागे
एका कॅसेटला नाव नव्हतं.
म्हणजे होतं, पण चिनी, उभं,
जिन्यासारखं खाली उतरणारं.
वहीत खळदकरांनी लिहिलेलं: चिनी भूत, बाईचं.
गिऱ्हाईक नेत नसे. मारामारी कमी, म्हणत.
मी दुपारी लावायचो, शटर अर्धं ओढून.

धुक्यातला घाट. नावाडी पोरगा.
ती येते, पलीकडे सोड म्हणते,
चढून बसते,
आणि नाव पाण्यात इंचभरही खाली जात नाही.
आपल्याला तिथेच कळतं.
त्याला कळायला पाऊण तास जातो.

सबटायटल होती, पण कॉपीच्या कॉपीत खालून कापलेली;
अक्षरांचे नुसते शेंडे दिसत,
बुडालेल्या माणसांचे केस दिसावेत तसे.

म्हणून सेंटर स्ट्रीटच्या मिस लिआव.
वडील दातांचे डॉक्टर, दारात काचेच्या पेटीत कवळ्या.
कॅम्पात वीज नसली की दवाखाना बंद,
मग त्या रास्ता पेठेत यायच्या,
लवंगेच्या तेलाचा वास घेऊन,
स्टुलावर बसून अर्ध्या श्वासाच्या अंतराने सांगायच्या
कोण काय म्हणालं.

शेवटाकडे ती रडते. कोंबडा आरवायच्या आत जायचंय तिला.
ओली बाही त्याच्या तोंडावरून फिरते, ओठ हलतात.
काय म्हणते?
"म्हणते, आधी जेवून घे."
एवढी रडतेय, आणि जेवून घे?
"भूत दुसरं काय म्हणणार? त्याला स्वतःला येत नाही ना जेवता."

ती जागा मी इतक्यांदा मागे घेतली
की पट्टी झिजली. बाहीवर बर्फ पडू लागला.
हेडला स्पिरिट लावलं, ट्रॅकिंगचं बटण पिळलं,
तरी ती हवेत उठली की एक पांढरा पट्टा
तिला कमरेत कापून जायचा.
मला वाटायचं, भूत असणं म्हणजे हेच असावं.

लायब्ररी मोडली तेव्हा मांडण्या भंगारात गेल्या,
कॅसेटी किलोवर. ही मी शर्टात घालून आणली.

परवा भाचीने मागवली डिस्क.
जाड खोका, आत पुस्तिका,
मूळ निगेटिव्हवरून धुऊन काढलेली प्रत.
कोथरूडच्या भिंतीवर केवढं धुकं! त्याचे थेंब मोजता येतील.
पट्टा नाही, बर्फ नाही.
आणि ती उठली तेव्हा खांद्यामागे
केसाएवढी बारीक, चकचकीत तार.
खाली शब्द, अखंड:
"शंभर हिवाळे मी या घाटावर मोजले. आता मला विसर."

जेवणाचं कुठेच काही नाही.

टोरांटोला फोन लावला. तिकडे सकाळ.
मिस लिआव आधी खोकल्या, मग हसल्या.
"अरे, आमची बोली हक्का. ते लोक भलतंच बोलत होते.
दहात दोन शब्द कळले असतील मला."
आणि बाकीचे आठ?
फोनमध्ये किटली शिट्टी मारत होती, त्या उठून गेल्या, आल्या.
"दंडाच्या पेटीशेजारी तुझा डबा असायचा.
झाकण लागलेला. चार वाजले तरी.
दिसायचं ना मला."

भाची म्हणाली, मामा, पुढे लावू?

कॅसेट आहे अजून, वरच्या फडताळात.
खिडकीतून पांढरी बुरशी दिसते पट्टीवर.
त्या जागीच थांबलेली, रिवाइंड न केलेली.
दोन रुपये कुणाला द्यायचे, माहीत नाही.